माझी ओळ कुठं गेली?

शनिवार सकाळ. बायको मंडईत गेली आहे, चहाचा दुसरा कप हातात आहे आणि आठवडाभर डोक्यात घोळणारी एक गोष्ट आज लिहून टाकावी म्हणतोय. गोष्ट तशी जुनी. आठवायला निमित्त झालं आमच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाचं.

मंगळवारी हा मुलगा उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून, आरतीचं ताट आणावं तसा, माझ्या टेबलापाशी आला. एका मशीनच्या प्रोजेक्टमधला फंक्शन ब्लॉक तो दुसऱ्या मशीनच्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करत होता.

"सर, सत्तावीस ठिकाणी सेम नाव आहे म्हणतंय. सगळ्यांना ओव्हरराइट मारू का?"

मी म्हटलं, "हात मागे घे. आधी चहा घेऊ."

त्याला वाटलं, झालं, सरांचं नेहमीचं सुरू झालं. तसं ते खरंही होतं म्हणा. पण त्या एका बटणामागे माझी एक वाईट आठवण आहे. त्याला चहा पिता पिता सांगितली तीच इथे सांगतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. कारखान्यातली मशीनं चालवणाऱ्या कॉम्प्युटरला पीएलसी म्हणतात. ना कीबोर्ड, ना पडदा, पॅनेलच्या आत पट्टीवर बसवलेला एक डबा. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला, म्हणजे गिअरबॉक्स बनवणाऱ्या लोकांना, रिलेंनी भरलेल्या कपाटांचा वैताग आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की कपाटातल्या वायरी उपटा आणि नव्याने जोडा. त्याच सुमारास डिक मॉर्ली आणि मंडळींनी मॉडिकॉन ०८४ नावाचं यंत्र बनवलं. त्यांच्या कंपनीचं ते चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून ०८४. इतकं साधं.

मला या इतिहासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत. ती मुद्दाम रिलेच्या वायरिंगच्या नकाशासारखी ठेवली. डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक, मध्ये शिडीच्या पायऱ्या. म्हणून तिचं नाव लॅडर. उद्देश असा की कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला कॉम्प्युटर शिकावा लागू नये, त्याने नुसतं बघितलं तरी कळावं. थोडक्यात, रात्री तीन वाजता मशीनसमोर उभा असणारा माणूस कोण आहे, हा विचार आधी झाला आणि भाषा नंतर ठरली.

पुढे १९९३ साली आयईसी ६११३१-३ हे मानक आलं आणि त्यात लॅडर धरून पाच भाषा ठरल्या. पण त्या सगळ्या मशीनला सांगायच्या भाषा. माणसाला सांगायचं ते कॉमेंटमध्ये. हा टायमर कशाचा, हा सेन्सर कुठे बसवलाय, अमुक व्हॉल्व्हआधी तमुक का सुरू होतो, वगैरे. आणि इथेच खरी मजा सुरू होते, कारण माणसाची भाषा काही मानकाने ठरत नाही.

आमच्या पुण्याच्या पट्ट्यात, म्हणजे भोसरी, चिंचवड, चाकणला, जर्मनी-इटलीहून आलेली सेकंडहँड मशीनं पुष्कळ. मशीन येतं तेव्हा त्याच्यासोबत त्याची भाषाही येते. सीमेन्सच्या स्टेप ७ मध्ये तर आज्ञांचीसुद्धा जर्मन आणि इंग्रजी अशी दोन रूपं होती. जर्मन पद्धतीत इनपुटला 'ई' आणि आउटपुटला 'ए', कारण आइनगांग आणि आउसगांग. इंग्रजी पद्धतीत इनपुट 'आय', आउटपुट 'क्यू', आणि 'ए' म्हणजे 'अँड'. एकच अक्षर, एका घरात आउटपुट आणि दुसऱ्या घरात 'आणि'. सेटिंग बदललं की सगळं आपोआप बदलून दिसायचं. आज्ञा अशा बदलतात, कॉमेंट बदलत नाहीत. त्या कुणीतरी बसून भाषांतरित कराव्या लागतात.

आता मूळ गोष्ट.

२००९ साली आम्ही भोसरीच्या एका कारखान्यातल्या जर्मन हायड्रॉलिक प्रेसचा पीएलसी बदलायचं काम घेतलं. जुना पीएलसी असा की त्यातून प्रोग्रॅम परत लॅपटॉपवर ओढला तर नुसतं लॉजिक यायचं, कॉमेंट आणि नावं येत नसत. ती फक्त मूळ फाईलमध्ये. नशिबाने मशीनबरोबर एक सीडी आली होती. तीत जर्मन कॉमेंट होत्या, आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने करून घेतलेलं इंग्रजी भाषांतरही होतं.

हे भाषांतर म्हणजे एक वाङ्मयप्रकारच होता. उघड होतं की कुणीतरी सगळ्या कॉमेंट एका एक्सेल शीटमध्ये काढल्या, भाषांतरकाराला पाठवल्या आणि परत आत ओतल्या. त्या बिचाऱ्याला मशीन कसलं हेही माहीत नसावं. जर्मनमध्ये 'द्रुक' म्हणजे दाब, आणि 'द्रुक' म्हणजे छपाईसुद्धा. त्यामुळे 'दाब उतरेपर्यंतचा थांबा' याचं इंग्रजीत 'छपाई कमी होण्याचा वेळ' झालं होतं! रबराच्या प्रेसमध्ये छपाई कुठून आली हे कुणालाच कळेना. दुसरी गंमत जर्मन अक्षरांवरच्या टिंबांची. 'श्युट्स' म्हणजे कॉन्टॅक्टर, मोटर चालू-बंद करणारा. त्याच्या 'यू'वरची दोन टिंबं फाईल इकडून तिकडे जाताना गळाली की 'शुट्स' उरतं, म्हणजे संरक्षण. मग मोटरचा कॉन्टॅक्टर कागदोपत्री 'मोटर संरक्षण' होऊन बसतो. आपल्याकडे हसू नये, कारण जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडल्यावर होणारं कोळ्याचं जाळं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्या कारखान्यात मेंटेनन्सला एक इलेक्ट्रिशियन होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही. आयटीआय झालेले, हा प्रेस आला त्या दिवसापासून त्याच्या पाठीमागे. जर्मन शून्य, इंग्रजी कामापुरतं, आणि लॅडर मात्र माझ्यापेक्षा भराभर वाचायचे. बोट ठेवून. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "साहेब, यात लिहिलंय ते खोटंय. मी सांगतो ते लिहा."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक भाषांत कॉमेंट ठेवायची सोय होती. भाषा बदलली की त्याच पायरीवर त्या भाषेतला मजकूर दिसतो. यादीत मराठी नव्हती, हिंदी होती. मी हिंदीच्या रकान्यात मराठी भरायची ठरवली. लिपी तीच, कोण बघतंय! चार-पाच रविवार मामा स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. सुरुवातीला मी आपलं पुस्तकी लिहायला गेलो, 'दाब-क्षय प्रतीक्षा कालावधी' वगैरे. मामांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुणासाठी लिहिताय?" मग लिहिलं, 'प्रेशर उतरेपर्यंत थांबा'.

त्यातली एक नोंद मला आजही तोंडपाठ आहे: 'सकाळी ऑइल गार असतं, डंप व्हॉल्व्ह सुस्त. हा टाइम बारा सेकंदांच्या खाली आणू नका. मीटरवर विश्वास ठेवू नका, तो पंपाच्या बाजूला आहे.'

हे नीट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. प्रेसला ॲक्युम्युलेटर असतो. दाबाने नायट्रोजन भरलेली लोखंडी बाटली म्हणा. पंप बंद झाला तरी ती ऑइलमधला जोर धरून ठेवते. गॅस बंद केला म्हणून कुकरचं झाकण लगेच उघडत नाही, तसंच. आधी डंप व्हॉल्व्ह उघडून प्रेशर उतरवायचं, मगच दाराचं लॉक सोडायचं. जर्मनांनी त्यासाठी पाच सेकंद ठेवले होते. मामांनी थंडीच्या सकाळी घड्याळ लावून मोजलं, तर नऊ-दहा सेकंद लागत होते. म्हणून बारा. आणि ऑपरेटरांनाही त्यांनी शिकवून ठेवलं होतं, पंप बंद केल्यावर मनात बारापर्यंत मोजायचं, मगच दाराला हात.

मे २०१२. त्याच कारखान्याने तसाच दुसरा प्रेस घेतला. त्याचं काम करताना मी हायड्रॉलिकचा फंक्शन ब्लॉक बराच सुधारला. अलार्म नीट केले, दोन चुका काढल्या. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग हेच जुन्यातही टाका की!" रास्त होतं. मी नव्या प्रोजेक्टमधून ब्लॉक एक्सपोर्ट केला आणि जुन्यात इम्पोर्ट करायला घेतला.

इम्पोर्ट ही लग्नाच्या वरातीसारखी गोष्ट आहे. तुम्ही बोलावता एका नवरदेवाला, पण बरोबर सगळं वऱ्हाड येतं. ब्लॉक जे डेटा टाइप वापरतो ते येतात, तो ज्या छोट्या ब्लॉकना बोलावतो ते येतात, त्यांच्या सुरुवातीच्या किमती येतात, कॉमेंट येतात. आणि त्यातले निम्मे तुमच्या घरात आधीच असलेल्या लोकांच्या नावाचे. इकडे एक बंड्या, तिकडून आलेलाही बंड्या. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येकासाठी विचारतं, आलेला घेऊ का, असलेलाच वापरू, की नाव बदलून दोघांनाही ठेवू? मी उन्हाळ्यात, घामाने चिकटलेल्या शर्टात, पॅनेलसमोर पुठ्ठा टाकून बसलो होतो. सगळं सिलेक्ट केलं आणि ओव्हरराइट.

कंपाइल झालं. एकही एरर नाही. दुपारभर ट्रायल घेतल्या, प्रेस मस्त चालला. मे महिन्यात दुपारी ऑइल गरमच, डंप व्हॉल्व्ह पळत होता. सह्या झाल्या, लस्सी प्यायलो, घरी आलो.

जानेवारी २०१३. गुरुवारची सुट्टी संपून शुक्रवारची पहिली शिफ्ट. मशीन रात्रभर थंडगार. ऑपरेटरने पहिला माल काढून बघितला, सेटिंगसाठी पंप बंद केला आणि मोजायला लागला. पाचला दाराचं लॉक सुटल्याचा खट्ट आवाज आला. हिरवा दिवा लागला. तो सवयीने मोजतच राहिला. सात की आठ म्हणताना उरलेल्या प्रेशरने इजेक्टरने आतून एक झटका दिला. दिवा बघून त्याने दार उघडलं असतं तर त्याचा हात नेमका तिथेच होता.

काही झालं नाही. हे वाक्य मी लिहितोय खरा, पण लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

मला फोन आला तो मामांचा. तासाभरात पोचलो. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी लॅपटॉपवर ती पायरी काढून ठेवली होती. मराठी रकाना रिकामा, टायमर पाच सेकंद. बोट ठेवून एवढंच विचारलं, "साहेब, माझी ओळ कुठं गेली?"

ओळ कुठे गेली ते मला त्या क्षणी कळलं. नव्या प्रेसच्या प्रोजेक्टमध्ये मी मराठी रकाना भरलाच नव्हता, फक्त जर्मन आणि इंग्रजी. टायमरची सुरुवातीची किंमतही मूळचीच, पाच. ओव्हरराइट म्हणजे ओव्हरराइट. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. लॉजिक बरोबर आलं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या रिकाम्या जागेने मामांची भरलेली जागा पुसून टाकली. मशीन कुणाच्या चुकीने घातक झालं म्हणाल तर माझ्या. दुसऱ्या कुणाच्या नाही.

नंतर बरेच दिवस मी या गोष्टीवर विचार केला. युरोपात मशीनबरोबर द्यायच्या सूचनापुस्तिकेबद्दल २००६ सालच्या मशिनरी डायरेक्टिव्हने एक नियम घालून दिला. पुस्तिका त्या त्या देशाच्या भाषेत द्यायची, आणि मूळ पुस्तिकेवर 'मूळ सूचना' असं छापायचं, भाषांतरावर 'मूळ सूचनांचं भाषांतर'. मला आधी ही सरकारी हौस वाटायची. आता वाटत नाही. कारण मी मनात धरून चाललो होतो की जर्मन मूळ, इंग्रजी तिचं भाषांतर, आणि मराठी म्हणजे भाषांतराचं भाषांतर. गेली तर गेली, परत करून घेऊ. पण मामांची ओळ कशाचंच भाषांतर नव्हती. ती जर्मनमध्ये कधी लिहिलीच गेली नव्हती, कारण जर्मनीतल्या त्या इंजिनिअरने भोसरीतली जानेवारीची सकाळ आणि झिजलेला व्हॉल्व्ह पाहिला नव्हता. त्या प्रोजेक्टमध्ये त्या पायरीपुरती मूळ सूचना मराठीत होती आणि बाकीच्या दोन भाषा अपुऱ्या होत्या. हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्ग नव्हता. मला कळायला हवं होतं, मीच टाइप केली होती.

त्या दिवशी काय केलं? आधी टायमर बारावर आणला. आठवड्याभरात ॲक्युम्युलेटरच्या लाइनवर वेगळा प्रेशर सेन्सर बसवला आणि दाराचं लॉक त्या सेन्सरवर बांधलं. बारा सेकंद आणि प्रेशर शून्य, दोन्ही झाल्याशिवाय दार सुटत नाही. खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जीव नुसत्या टायमरवर आणि त्याच्या डोक्यावरच्या एका ओळीवर टांगून ठेवायचा नसतो. मराठी कॉमेंट माझ्या २०११ च्या बॅकअपमधून बऱ्याचशा परत मिळाल्या. त्यानंतरच्या गेल्या त्या गेल्या. मामांनी पुन्हा दोन रविवार दिले, पण तीन-चार ओळी त्यांनाही आठवल्या नाहीत. "काहीतरी होतं साहेब तिथं," म्हणायचे आणि त्या पायरीकडे बघत बसायचे.

तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या. इम्पोर्टच्या आधी जुन्या प्रोजेक्टची तारीख टाकून कॉपी, आणि इम्पोर्टनंतर दोन्हींची तुलना. तुलना लॉजिकची, किमतींची आणि मजकुराचीसुद्धा. प्रत्येक भाषेत भरलेल्या ओळी किती, हे आधी आणि नंतर मोजायचं. आकडा कमी झाला की थांबायचं. रिकामी जागा सहजी दिसत नाही, कारण काही सॉफ्टवेअर तिथे मूळ भाषेतला मजकूर दाखवून वेळ मारून नेतात. भाषांतराला शीट पाठवायची तर प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या मशीनवरची, कुठल्या भागाची, हे लिहायचं. 'द्रुक'ची छपाई व्हायला नको. मशीनवरच्या टचस्क्रीनवर मराठी टाकायचं तर आधी त्या स्क्रीनवरच तपासायचं, कारण काहींना आपली जोडाक्षरं झेपत नाहीत आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. आणि ज्या ओळीवर कुणाचा हात-पाय अवलंबून आहे ती फाईलमध्ये असेलच, पण पत्र्यावर रंगवून मशीनवरही लावायची. पत्रा ओव्हरराइट होत नाही.

असो. तर मंगळवारी चहा संपल्यावर आम्ही दोघं ती सत्तावीस नावं एकेक करून बघायला बसलो. दीड तास गेला. तेवीस ठिकाणी खरंच काही फरक नव्हता. तीन ठिकाणी नाव तेच पण आत एक जादा फील्ड होतं, तिथे आलेला बंड्या नाव बदलून ठेवला. आणि एका ठिकाणी, जुन्या प्रोजेक्टच्या मराठी रकान्यात, कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या ज्या नव्यात नव्हत्या. कुणी लिहिल्या, माहीत नाही. त्या तशाच ठेवल्या, आणि त्यांच्यापुढे 'मूळ' असं लिहिलं.

मुलगा म्हणाला, "सर, मग नव्या ब्लॉकचं मराठी मीच लिहू?" लिहिलं त्याने. मन लावून लिहिलं, पण 'निष्कासक' वगैरे शब्द घालून. मी त्या स्क्रीनचा फोटो मामांना पाठवला. ते आता रिटायर होऊन गावी असतात, व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. दहा मिनिटांत उत्तर आलं.

"इजेक्टरच लिहा. आणि टाइम किती ठेवला?"